मोठा दाणा म्हणजे चांगली विहीर, हे खरे नाही

सध्या वास्को, फोंडा, डिचोलीकडच्या नोकरीविषयक व्हॉट्सॲप गटांत तेलाच्या विहिरीत वाळू कशी रोखायची यावर एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. मुंबई हायवर किंवा आखातात रिगवर जाऊ पाहणारी आपली मुले तो एकमेकांना पाठवतात, काहींनी तर वहीत उतरवून घेतला आहे. वाळपईच्या एका मुलाने तो मला दाखवला आणि विचारले, “सर, मुलाखतीत हेच सांगितले तर चालेल ना?” नाही चालणार. मुलाखतीहून मोठी काळजी पुढची आहे. हीच मुले उद्या विहिरीवर उभी राहतील आणि हा समज सोबत घेऊन जातील. म्हणून हे सविस्तर उत्तर लिहितो आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: “फ्रॅक केलेल्या विहिरीत वाळू रोखायची तर जितका मोठा प्रॉपंट तितके चांगले. दाणा दुप्पट केला की प्रवाह चौपट. सहापटीचा नियम जुन्या ग्रॅव्हल पॅकचा, फ्रॅक-पॅकला तो लागू नाही. थोडी बारीक वाळू आत आली तर ती तेलाबरोबर निघून जाते. सिरॅमिक प्रॉपंट फुटत नाही, त्यामुळे ताकदीची चिंता नको. रेझिनचा लेप असेल तर स्क्रीनही नको. आणि गोव्याच्या नद्यांची रेती प्रॉपंट म्हणून विकली तर इथल्या तरुणांना रोजगार मिळेल.” लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडे. खडकात मोठ्या दाबाने द्रव सोडून भेग पाडतात. दाब उतरल्यावर ती भेग मिटू नये म्हणून तिच्यात जे दाणे भरतात ते प्रॉपंट. थर भुसभुशीत असेल आणि तेलाबरोबर वाळू सुटून येत असेल, तर भेग आखूड पण रुंद पाडतात आणि प्रॉपंटने गच्च भरतात. तेच दाणे स्क्रीन (विहिरीत उतरवलेली गाळणीची नळी) आणि केसिंग (विहिरीच्या भिंतीला बसवलेला पोलादी पाइप) यांच्यामधल्या पोकळीतही भरले जातात. याला फ्रॅक-पॅक म्हणतात. भेग न पाडता नुसती ती पोकळी दाण्यांनी भरली तर तो ग्रॅव्हल पॅक. इथे दाण्यांवर एकाच वेळी दोन कामे असतात, तेलाला वाट देणे आणि थराची वाळू अडवणे. संदेशात पहिल्याच कामाचा हिशेब मांडला आहे.

“दाणा दुप्पट केला की प्रवाह चौपट.”

यातले गणित बरोबर आहे, म्हणूनच ते पटकन पटते. एकसारखे गोल दाणे रचले तर त्यांच्या थराची पारगम्यता, म्हणजे द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता, दाण्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०/४० प्रॉपंट म्हणजे २० मेशच्या चाळणीतून पडणारा आणि ४० मेशवर अडणारा दाणा (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोके). २० मेशचे भोक ८५० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४० मेशचे ४२५ मायक्रॉनचे. मधला दाणा साधारण ६४० मायक्रॉन धरू. १२/२० मध्ये दाणे १७०० ते ८५० मायक्रॉनचे, मधला दाणा १२७५ च्या आसपास. म्हणजे दुप्पट व्यास, आणि स्वच्छ पॅकची पारगम्यता जवळजवळ चौपट. यातला ‘स्वच्छ’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळे त्याच्यावर येणार आहे.

पण भेगेतून किती तेल वाहील हे एकट्या पारगम्यतेवर ठरत नाही. पारगम्यता गुणिले भेगेची रुंदी, ही भेगेची वाहकता. तीही एकटी पाहून भागत नाही. तिला थराची पारगम्यता गुणिले भेगेच्या एका पंखाची (विहिरीच्या एका बाजूला पसरलेल्या भागाची) लांबी, या गुणाकाराने भागावे लागते. म्हणजे थर जेवढे तेल आणून देतो त्याच्या मानाने भेग किती वाहून नेऊ शकते, हे कळते. एक उदाहरण करून पाहू. थराची पारगम्यता २०० मिलिडार्सी (हे पारगम्यतेचे एकक, हजार मिलिडार्सी म्हणजे एक डार्सी), भेगेचा पंख १० मीटर, दोहोंचा गुणाकार २०००. २०/४० चा पॅक जमिनीखालच्या दाबात १०० डार्सी देतो असे धरा, आणि भेग २५ मिलिमीटर रुंद. वाहकता २५०० मिलिडार्सी-मीटर. गुणोत्तर सव्वा आले. आता दाणा तोच ठेवून भेग ४० मिलिमीटर केली तर वाहकता ४००० होते आणि गुणोत्तर दोनवर जाते. दाणा बदललाच नाही.

भेग अशी रुंद करण्यासाठीच टिप स्क्रीनआउटची पद्धत आली. भेगेच्या टोकाशी प्रॉपंट अडकवून तिची लांबी थांबवायची आणि पंप चालू ठेवायचा. पुढे जायला वाव नसल्याने भेग फुगते. उत्तर समुद्रातल्या व्हालहॉल क्षेत्राच्या मऊ चॉकमध्ये हे कसे केले याचा शोधनिबंध १९८७ मध्ये आला, आणि १९९० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात फ्रॅक-पॅक नेहमीचे काम झाले. या पद्धतीत प्रवाह मिळवायचा तो मुख्यतः रुंदीतून. मग दाणा निवडताना वाळू अडवण्याकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: दाण्याचे माप थराच्या वाळूकडे बघून ठरवा, आणि तेवढ्याने प्रवाह कमी पडत असेल तर भेग रुंद करा.

मोठ्या दाण्याची आणखी एक अडचण आहे. दाणा द्रवात किती वेगाने खाली बसतो हेही व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. जे चौपट गणित संदेशात फायद्याचे म्हणून मांडले आहे, तेच इथे तोट्याचे होते. दाणे वाहून नेणारे घट्ट द्रव, म्हणजे जेल, थोडे पातळ पडले की जड दाणे भेगेच्या तळाशी बसतात आणि वरचा भाग रिकामा राहून मिटतो.

“सहापटीचा नियम जुन्या ग्रॅव्हल पॅकचा, फ्रॅक-पॅकला लागू नाही.”

हा नियम सॉसियर यांचा, १९७४ चा. पॅकच्या दाण्याचा मध्यम व्यास थराच्या वाळूच्या मध्यम व्यासाच्या पाच ते सहा पट असावा, असे त्यांनी प्रयोगांवरून सांगितले. त्याआधी कोबर्ली यांचा १९३० च्या दशकातला नियम बराच सैल होता आणि त्याने दाणा मोठा येत असे. म्हणजे मोठ्या दाण्याकडून लहान दाण्याकडे हा धंदा अनुभवाने आला आहे. संदेश आपल्याला उलट पाठवतो.

सहा हा आकडा का, हे कळले की नियम पाठ करावा लागत नाही. तीन समान गोल दाणे एकमेकांना टेकून ठेवा. मधे जी फट राहते तिच्यातून जाऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या गोळ्याचा व्यास दाण्याच्या व्यासाच्या ०.१५५ पट असतो, म्हणजे दाणा त्याच्या साडेसहा पट. २०/४० च्या ६४० मायक्रॉनच्या दाण्यांमधली फट त्यामुळे साधारण १०० मायक्रॉनची. थराच्या वाळूचा मधला दाणा ११० मायक्रॉनचा असेल तर तो त्या फटीच्या तोंडाशीच अडतो. त्याच्या मागे दुसरे दाणे टेकतात आणि वाळू पॅकच्या बाहेर राहते. हाच थर आणि १२/२० चा पॅक घेतला तर फट होते १९७ मायक्रॉन. ११० चा दाणा आत सहज शिरतो.

सॉसियर यांच्या प्रयोगांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने वाचलेली दिसत नाही. गुणोत्तर सहाच्या खाली होते तोवर वाळू पॅकच्या बाहेर राहिली आणि पारगम्यता टिकली. सहाच्या पुढे गेले तशी वाळू पॅकमध्ये शिरली, तिथेच अडकली आणि पारगम्यता कोसळली. गुणोत्तर तेराच्याही पुढे गेले तेव्हा पारगम्यता पुन्हा वर आली, पण कशामुळे? वाळू पॅकमधून सरळ पार निघून जात होती म्हणून. नारळाचा रस गाळताना कापडाची वीण नेमकी चुकीची पडली की चव विणीतच रुतून बसतो, वर राहत नाही आणि खालीही पडत नाही. विहिरीत हाच मधला पट्टा सगळ्यात वाईट. ११० मायक्रॉनच्या वाळूला १२/२० चे गुणोत्तर येते ११.६. म्हणजे मोठा दाणा घेऊन आपण नेमके त्या पट्ट्यात जाऊन बसतो.

आता ‘स्वच्छ’ शब्दाकडे परत या. चौपट पारगम्यता होती ती रिकाम्या फटी असलेल्या पॅकची. त्या फटींत थराची वाळू भरली की तेलाला वाट उरते ती त्या बारीक वाळूतली. शिवाय मोठे दाणे जागा अडवून बसलेलेच असतात. असा पॅक थराच्या मूळ वाळूइतकाही वाहत नाही. चौपट सोडाच, भेग पाडून जे मिळवले होते तेही त्या भागात गमावले.

इथे संदेशातल्या एका खऱ्या गोष्टीला जागा द्यायला हवी. फ्रॅक-पॅकमध्ये वाळूवर पडणारी ओढ ग्रॅव्हल पॅकपेक्षा कमी असते. साडेआठ इंची भोकाचा परीघ ०.६८ मीटर, म्हणजे एक मीटर उंचीत ०.६८ चौरस मीटर क्षेत्रफळ. १५ मीटरचे दोन पंख आणि प्रत्येकाच्या दोन बाजू मोजल्या तर त्याच एक मीटर उंचीत ६० चौरस मीटर. जवळजवळ ८८ पट. तेल तेवढ्या पसरट जागेतून हळू येते आणि दाण्यांना कमी ओढते. या कारणाने अनुभवी अभियंते फ्रॅक-पॅकमध्ये कधी कधी एक पायरी वर जातात, २०/४० ऐवजी १६/३० घेतात. तो विचारपूर्वक केलेला निर्णय असतो. त्याआधी वाळू किती एकसारखी आहे, विहीर किती जोरात चालवायची आहे, पाणी कधी येणार, हे सगळे पाहिलेले असते. त्यावरून “नियमच नाही” असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणि भेग सगळीकडे नसते. तिची दिशा जमिनीतला ताण ठरवतो. परफोरेशन, म्हणजे तेल आत येण्यासाठीची भोके, मात्र केसिंगच्या सगळ्या बाजूंनी पाडलेली असतात, फ्रॅक-पॅकमध्ये फुटाला १२ ते १८. त्यांतली भेगेच्या रेषेत पडतात ती थोडी. बाकीच्यांसमोर भेग नसते, केसिंगभोवती दाण्यांचा एक पातळ वेढा असतो आणि त्याच्या लगेच मागे थराची वाळू. त्या जागी फ्रॅक-पॅक हा ग्रॅव्हल पॅकच असतो, आणि तिथे सॉसियर १९७४ मध्ये होते तितकेच लागू आहेत. मोठ्या दाण्याच्या पॅकमध्ये वाळू शिरायला सुरुवात बहुधा इथूनच होणार.

संदेशात थराच्या वाळूचा उल्लेख जवळजवळ नाहीच, याचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटते. प्रॉपंटचे माप ठरवण्याचे निम्मे काम प्रयोगशाळेत, चाळण्यांच्या चवडीपाशी होते, आणि मुलांना तेच कोणी दाखवत नाही. म्हणून इथे थोडे थांबतो.

पहिला प्रश्न नमुना कुठून आला हा. विहिरीच्या तळातून बेलरने (खाली सोडलेल्या नळीसारख्या डब्याने) उपसलेली वाळू खरा थर दाखवत नाही. बारीक दाणे वर वाहून गेलेले असतात आणि तळाशी जाड उरलेले असतात. उलट वर सेपरेटरमध्ये (तेल, वायू आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीत) सापडलेली वाळू जास्त बारीक दिसते, कारण जाड दाणे वरपर्यंत पोचलेलेच नसतात. बाजूच्या भिंतीत गोळी मारून काढलेल्या कोअरमध्ये, म्हणजे खडकाच्या नमुन्याच्या तुकड्यात, दाणे फुटलेले असू शकतात. पूर्ण कोअर मिळाला तर तोच घ्यावा, आणि एकाच जागेचा नाही. थर जिथे जिथे बदलतो तिथला नमुना हवा, आणि माप ठरवायचे ते तेल देणाऱ्या थरांतल्या सगळ्यात बारीक वाळूला धरून. जाड वाळूला धरून ठरवले की बारीक पट्ट्यातून वाळू येते आणि सगळा पॅक बिघडवते.

मग तो तुकडा सॉल्व्हंटने धुतात, म्हणजे तेल आणि मीठ निघून जाते. हलक्या आचेच्या ओव्हनमध्ये वाळवतात. खलात रबरी टोकाच्या बत्त्याने अलगद मोकळा करतात. जोर दिला तर दाणे फुटतात, आणि पुरेसे मोकळे झाले नाहीत तर दोन-चार दाणे चिकटून एक ‘दाणा’ म्हणून मोजले जातात. चाळण्या एकावर एक, सगळ्यात जाड वर, तळाशी बंद थाळी. शेकरवर ठरावीक वेळ हलवून प्रत्येक चाळणीवर उरलेले वजन मोजतात. सगळ्या वजनांची बेरीज मूळ नमुन्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर चाळणी फिरून करायची, आकडा ओढूनताणून बसवायचा नाही. त्यानंतर प्रत्येक चाळणीवरचे थोडे दाणे भिंगाखाली धरून बघावे. हे अनेक ठिकाणी टाळले जाते आणि चूक इथेच लपते.

किती चूक होऊ शकते ते पाहा. खरी वाळू ११० मायक्रॉनची, पण गुठळ्या नीट न फुटल्याने चाळणीने १६० दाखवली. १६० ची साडेपाच पट म्हणजे ८८०, आणि १६/३० चा मधला दाणा ८९० चा, म्हणून १६/३० निवडले. कागदावर गुणोत्तर ५.६, नियमात बसणारे. प्रत्यक्ष विहिरीत ते ८.१. सही करणाऱ्याने नियम पाळला आणि वाळू तरीही पॅकमध्ये गेली. बारीक थरांत लेझरने केलेले मापन चाळणीच्या शेजारी ठेवून पाहतात ते या कारणासाठी.

दुसरे म्हणजे नुसता मधला आकडा पुरत नाही. डी-५० म्हणजे वजनाने निम्मी वाळू ज्याहून जाड आहे तो व्यास. दोन थरांचा डी-५० सारखा असू शकतो आणि तरी एकात दाणे जवळजवळ एका मापाचे, दुसऱ्यात भरड रेतीपासून मातीपर्यंत सगळे. म्हणून डी-४० ला डी-९० ने (४० आणि ९० टक्के वाळू ज्यांहून जाड आहे ते व्यास) भागून पाहतात. उत्तर ३ च्या आत असेल तर वाळू एकसारखी, ५ च्या पुढे गेले तर विषम. १९९८ मध्ये टिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या जोडीला डी-१० भागिले डी-९५, आणि ४४ मायक्रॉनहून बारीक कणांचे प्रमाण, हेही पाहायला सांगितले. सॉसियर यांच्या नियमाला पूरक असे काही आले असेल तर ते हे. आणि ते मोठा दाणा घ्या म्हणत नाही, थराकडे अधिक बारकाईने पाहा म्हणते.

“थोडी बारीक वाळू आत आली तर ती तेलाबरोबर निघून जाते.”

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. मातीचे अगदी बारीक कण आणि थराला उभे धरणारे वाळूचे दाणे, यांत फरक करायला हवा. मातीच्या अशा बारीक कणांच्या अडकण्याचा ढोबळ अंदाज असा: फटीच्या एक तृतीयांशाहून मोठा कण तोंडाशी कमान करून अडतो, एक सप्तमांशाहून लहान कण पार निघून जातो, आणि मधल्या मापाचा आत शिरून रुततो. २०/४० च्या १०० मायक्रॉनच्या फटीतून १४ मायक्रॉनच्या आतले कण निघून जातात, आणि ते जाऊ द्यायचेच असतात. ते अडवायला बसलो तर विहीरच बंद होईल. इथपर्यंत संदेश बरोबर आहे.

पण संदेशात ‘बारीक वाळू’ म्हणून जे मोकळे सोडले आहे ते थराचे दाणे आहेत. ते निघून गेले की थरात पोकळी होते, वरचा भाग खाली बसतो, आणि बसलेला थर आणखी वाळू देतो. पॅकमधून सुटलेला ११० मायक्रॉनचा दाणा स्क्रीनलाही अडणार नाही. स्क्रीन पॅकच्या दाण्यांना अडवायला बसवलेली असते. २०/४० ला साधारण १२ गेजची स्क्रीन लावतात, म्हणजे ०.३ मिलिमीटरची फट. मोठ्या दाण्याला स्क्रीनची फटही मोठी. मग वाळू थेट ट्यूबिंगमध्ये (तेल वर आणणाऱ्या नळीत) येते, प्रवाह आवरणारा चोक कापते, वळणावरचे पाइप आतून झिजवते, सेपरेटरच्या तळाशी साचते. गॅसच्या विहिरीत वेग इतका असतो की स्क्रीनच्या एका जागी छिद्र पडते आणि तिथून सगळा पॅकच वर यायला लागतो. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर दाबाखालचा पाइप वाळूने पातळ होणे ही माणसांच्या जिवाची गोष्ट आहे. गोव्यात बेतूलला तेल उद्योगातल्या सुरक्षेची संस्था आहे, आपली मुले तिथे प्रशिक्षणाला जातात. समुद्रावरच्या सुरक्षेचे धडे घेणाऱ्यांच्या हातात “थोडी वाळू आली तर चालते” हे वाक्य असावे, हे मला सहन होत नाही.

“सिरॅमिक प्रॉपंट फुटत नाही.”

फुटतो, कमी फुटतो. आणि पदार्थ तोच असेल तर मोठा दाणा आधी फुटतो. भेगेच्या भिंती जेवढ्या जोराने मिटायला बघतात तो सगळा भार दाण्यांवर येतो. मोठे दाणे संख्येने कमी, म्हणून एकेकावर भार जास्त. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या फ्रॅक सँडच्या जुन्या शिफारशींत हे स्पष्ट दिसत होते. १२/२० वाळू ३००० पीएसआयला (चौरस इंचावर इतके पौंड दाब) तपासायची आणि १६ टक्क्यांपर्यंत चुरा चालवून घ्यायचा, २०/४० वाळू ४००० पीएसआयला आणि १४ टक्के, ४०/७० वाळू ५००० पीएसआयला आणि ८ टक्के. दाणा जितका मोठा तितका तपासणीचा दाब कमी आणि सूट जास्त. आताच्या मानकात प्रत्येक मालाला तो सर्वाधिक दाब शोधून देतात ज्याला १० टक्क्यांहून जास्त चुरा होत नाही. माल घेताना तो आकडा विचारावा. चुरा किती नुकसान करतो हे कूल्टर आणि वेल्स यांनी १९७२ मध्येच दाखवले आहे. पाच टक्के बारीक चुऱ्यानेही भेगेची वाहकता निम्म्यावर येऊ शकते. फुटलेल्या मोठ्या दाण्याचे तुकडे शेजारच्याच मोठ्या फटींत जाऊन बसतात, दुसरीकडे कुठे जाणार?

“रेझिनचा लेप असेल तर स्क्रीन नको.”

रेझिनचा लेप दाण्यांना एकमेकांशी चिकटवतो, म्हणजे प्रॉपंट उलट वाहून वर येत नाही. थराची वाळू अडवणे हे त्याचे काम नाही. फटीचे माप लेपाने फारसे बदलत नाही. दाणा चुकीचा निवडला असेल तर लेप असूनही वाळू त्याच फटींतून येणार. शिवाय रेझिन नीट बसायला तापमान आणि भेग मिटण्याचा दाब, दोन्ही लागतात. उथळ, थंड, मऊ थरात ते कमी पडतात, आणि वाळूचा त्रास जास्त तो अशाच थरांत. स्क्रीनशिवाय विहिरी केल्या जातात, पण त्या निवडक थरांत आणि परफोरेशनची दिशा मोजून. सरसकट नाही.

“गोव्याच्या नद्यांची रेती प्रॉपंट म्हणून विकता येईल.”

या वाक्यावर जास्तीत जास्त अंगठे उमटलेले दिसले, आणि ते समजण्यासारखे आहे. काम नसलेल्या तरुणाला आपल्या दारातल्या नदीत काही आहे असे कोणी सांगितले तर आशा वाटणारच. म्हणूनच हे खोटे बोलू नये.

प्रॉपंट म्हणून विकली जाणारी वाळू जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ असते. अमेरिकेत ती विस्कॉन्सिन, इलिनॉय भागातल्या कोट्यवधी वर्षे जुन्या वालुकाश्मांतून काढतात. तिथले दाणे पुन्हा पुन्हा वाहून आणि घासून गोल झालेले, आणि क्वार्ट्झ सोडून बाकी खनिजे जवळजवळ संपलेली. दाण्याच्या कडांची गोलाई आणि एकूण आकाराचा गोलाकारपणा, दोन्हींना निदान ०.६ गुण मिळावे लागतात. हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात २०/४० माल २ टक्क्यांहून जास्त विरघळता कामा नये. ९० टक्के दाणे सांगितलेल्या दोन चाळण्यांच्या मध्येच पडावे लागतात.

आपल्या मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. दाण्याला गोल व्हायला वेळच मिळत नाही. आपल्या रेतीत क्वार्ट्झबरोबर फेल्डस्पार, अभ्रक, खडकाचे तुकडे आणि जांभ्याचे लोहयुक्त कण असतात. बांधकामाला हे चालते, कोनदार दाणा सिमेंटला उलट चांगला धरतो. भेगेत मात्र कोन आधी तुटतात आणि चुरा करतात. किनाऱ्याची वाळू घेतली तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा, तो आम्लात विरघळून जातो. घरी बसून पाहायचे असेल तर मिरामारची चिमूटभर वाळू स्वच्छ धुऊन भिंगाखाली धरा आणि तिच्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. जिथे शिंपल्यांचा चुरा आहे तिथे बुडबुडे दिसतील. विहिरीत यापेक्षा किती तरी तीव्र आम्ल जाते.

आणि ही रेती काढण्याची किंमत आपण आधीच मोजतो आहोत. तेरेखोलच्या काठावर उगवे-पोरस्कडे भागातल्या लोकांना विचारा, बेकायदा उपशाने काठ ढासळून माडा-पोफळीच्या बागायतीची जमीन पाण्यात गेल्याच्या त्यांच्या तक्रारी आहेत. न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले आहे. जो माल तपासणीच्या पहिल्याच चाळणीत नापास होणार, त्याच्यासाठी नदीत आणखी होड्या घालायला तरुणांना सांगणे मला अजिबात मान्य नाही. तेल उद्योगात गोव्याच्या मुलांना काम आहे, पण ते प्रयोगशाळेत, रिगवर आणि कम्प्लीशनच्या (विहीर उत्पादनासाठी तयार करण्याच्या) टेबलावर. ज्यांच्याकडे हा संदेश आहे त्यांनी तो पुढे पाठवायचाच असेल, तर निदान ही रेतीची ओळ आणि “जितका मोठा तितका चांगला” ही ओळ आधी काढून टाकावी.